घरात कोण कोण आहे?

तिने हेडफोनवर औषधात भिजवलेला कापूस फिरवला, मग पुन्हा फिरवला, आणि हेडफोन कानाला लावण्याआधी एकदा आवंढा गिळून पाहिला. घसा दुखला नाही. निदान दुखल्यासारखं वाटलं नाही.

शेजारची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. तिथे बसणाऱ्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण त्याचं फोनवरचं बोलणं अख्ख्या खोलीला ऐकू जायचं. काल दुपारी मास्क हनुवटीखाली ओढून तिने आणि त्याने एकाच डब्यातून खाल्लं होतं. रात्री त्याला ताप भरला. सकाळी पांढऱ्या पोशाखातले दोघे आले आणि त्याचा हेडफोन चिमट्याने उचलून पिशवीत टाकून घेऊन गेले.

चिमट्याने.

"नमस्कार, साथीची मदतवाहिनी. घरात कोण कोण आहे?"

प्रत्येक फोनची सुरुवात याच प्रश्नाने करायची असा नियम होता.

"मी आणि माझा मोबाइल," एक म्हातारा म्हणाला. "तो उकळून घेऊ का?"

"नको आजोबा. पुसून घ्या. आणि हात धूत राहा."

"तेच करतोय. हातावरच्या रेषा गेल्या धुऊन. आता भविष्यसुद्धा कुणी सांगेना."

पुढचा फोन. एका बाईला दारात आलेल्या भाजीच्या पिशवीला हात लावायचा धीर होत नव्हता. त्याच्या पुढचा फोन म्हणजे नुसता खोकला. खोकला थांबायचा, ती "हं, बोला" म्हणायची, की पुन्हा खोकला. तिने नकळत खुर्ची मागे सरकवली. तारेतून काय येणार होतं? तरी सरकवली.

समोर उत्तरांचा कागद होता. कालपर्यंत त्यावर छापलेलं होतं, ताप असेल तरच लागण होते. आज साहेबांनी त्या ओळीवर नवी पट्टी चिकटवली. ताप येण्याआधीही होते.

"आत्ताच कळलंय," ते म्हणाले. "अजून कळेल तसं बदलू. तुम्हाला काही होतंय का?"

"नाही, साहेब."

"मग बसा. माणसं नाहीत."

जाताना त्यांनी रेडिओच्या खुर्चीला लांबून वळसा घातला.

संध्याकाळ होत आली होती. घरी जायचं म्हणजे बाहेरच्या खोलीतून जायचं, आणि त्या खोलीत बाबा. एक फुप्फुस केव्हाच निकामी झालेलं, साध्या सर्दीनेही अंथरूण धरणारे. जायचं नाही, तर राहायचं कुठे? आणि आईला सांगायचं काय? सकाळपासून ती एक वाक्य जुळवत होती आणि ते पहिल्याच शब्दाला मोडत होतं.

आई, मी.

आई, मला.

फोनचा दिवा लागला.

"नमस्कार, साथीची मदतवाहिनी. घरात कोण कोण आहे?"

आधी नुसती घरघर आली. वाफेचं मशीन. बाबा रोज याच वेळी वाफ घेत. मग त्या घरघरीवरून आवाज आला.

"मी आणि आमचे हे. यांचा श्वासाचा आजार जुना आहे."

आई. तिने टेबलाची कड धरली. ओळखलं नसावं, मास्कमधून सगळ्यांचेच आवाज सारखे येतात.

"बोला."

"आमची मुलगी कामाला जाते. तिच्या ऑफिसात एक जण सापडला म्हणे, बातम्यांत दाखवलं. तिला फोन लावावा तर तो बंद."

कामावर येताना सगळ्यांना आपापले फोन बंद करून कपाटात ठेवावे लागत.

"ताप आहे का तिला?" तिने विचारलं.

"पहाटे नव्हता. झोपेत होती तेव्हा कपाळाला हात लावून पाहिला मी. मॅडम, तिला घरात घ्यायचं की नाही?"

कागदाकडे बघायची गरज नव्हती. तरी ती बघत राहिली.

"काही दिवस तिला वेगळ्या खोलीत राहू द्या. ताप नसला तरी. तुमच्या यजमानांच्या जवळ तिने येऊ नये. ताट-पेला वेगळा ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा. तुम्हीही मास्क लावा."

"म्हणजे आईनेसुद्धा जवळ जायचं नाही?"

"आईनेसुद्धा."

मशीन घरघरत होतं.

"वर गच्चीवरच्या खोलीत अंथरूण घातलंय मी दुपारीच," आई म्हणाली. "डबा बाहेरच्या जिन्याच्या पायरीवर ठेवीन. पण पोटच्या पोरीला दारातच कसं सांगू, आत येऊ नकोस म्हणून? माझ्या तोंडून निघायचं नाही ते. तेवढं तुम्हीच सांगा तिला."

तिने मास्क नाकावर घट्ट दाबून धरला.

"सांगते," ती म्हणाली.

फोन कुणीच ठेवला नाही. तिकडे मशीन थांबलं. मागून बाबांचा बसका आवाज आला, "अगं, पोरगी आली का?"

"येईल," आई त्यांना म्हणाली. "आली की सरळ वर जाईल. खाली फार उकडतं म्हणत होती."

इकडे खुर्चीवर तिने मान हलवली.