उलट्या नळाची खोली

टेबलावरचं लाकडी घर जेमतेम मुठीएवढं होतं आणि त्याचं दार उघडत नव्हतं. तिनं नखानं प्रयत्न करून पाहिला. दार नुसतं रंगवलेलं — फट, कडी, कडीची सावलीसुद्धा रंगवलेली. कंपनीला पंधरा वर्षं झाली म्हणून नव्या मालकांनी अशी चारशे घरं करून घेतली होती, प्रत्येकाच्या टेबलावर एक, आणि एकाही शहाण्याला दार उघडून बघावंसं वाटलं नव्हतं... मला वाटलं. म्हणून तर पाठीमागे मला खुसपटताई म्हणतात. म्हणोत बापडे.

घराशेजारी दोन पानांचा इतिहास होता. तो वाचून सही करायची, एवढंच आजचं काम. विक्रीच्या करारातच तसं कलम होतं — कंपनीबद्दल जे छापायचं त्यावर दोन्ही मूळ भागीदारांची सही हवी. एक धाकटा, म्हणजे तिचा पाठचा भाऊ, आणि दुसरी ती. धाकट्यानं कालच केली होती, चांगली लफ्फेदार. दुपारी मजकूर छापायला जाणार आणि उद्या प्रवेशदाराच्या भिंतीवर चढणार होता.

'संस्थापक एकदा सुट्टीत फसले. फोटोत समुद्र होता, खिडकीबाहेर भिंत. त्याच क्षणी त्यांना सुचलं...'

सुचलं म्हणे! फसला होता हे खरं, पण त्यावर तीन दिवस नुसता धुसफुसत बसला होता, आणि लोकांच्या रिकाम्या खोल्या सुट्टीपुरत्या भाड्यानं मिळतील अशी वेबसाइट काढू या, हे ती म्हणाली होती — कपडे वाळत घालताना, दातांत दोन चिमटे धरून, त्यामुळे त्याला ते दोनदा सांगावं लागलं. संगणकाचं सगळं त्यानं केलं, मी नाही म्हणत नाही, ज्याचं श्रेय त्याला द्यावं. पण घरोघर कोण हिंडलं? दोघांपैकी एक जण मुक्कामाला राहून आल्याशिवाय घर यादीत चढवायचं नाही, हा नियम होता त्यांचा, आणि प्रत्येक घराखाली एक ओळ सक्तीची — उणं. जिना अरुंद आहे. शेजारचा कुत्रा पहाटे भुंकतो. गरम पाणी दोघांपुरतंच येतं. पहिल्या दोनशे घरांतल्या पावणेदोनशे घरांत तीच राहिली होती, परक्या उशांवर मान आखडून घेत; नवरा म्हणायचा, आपल्या घराचं उणं काय लिहू, तर बाई घरात नसते.

आणि दुसऱ्या पानावर — 'उणं आधीच सांगण्याची संस्थापकांची कल्पना आकडेवारीच्या अभ्यासातून आकाराला आली.' आकडेवारी कसली डोंबलाची! आकडे कुणी मोजले नव्हते; ओळी हातानं चिकटवायच्या, आणि पहिल्याच वर्षी तिनं त्यांत घोळ घातला होता. 'रूळ अगदी जवळ, खिडक्या थरथरतात' ही ओळ टेकडीवरच्या एका चिडीचूप घराखाली गेली. धाकट्यानं आकाशपाताळ एक केलं — आता काळं कुत्रं येणार नाही त्या घरात! आणि आठवड्याभरात एक म्हातारं जोडपं तिथं उतरलं आणि बाईंचा फोन आला, चांगल्याच तापल्या होत्या : "अहो, गाडी कुठाय? आम्ही गाडीसाठी आलोय!" बाईंच्या नवऱ्याचा सगळा जन्म सिग्नलच्या केबिनमध्ये गेलेला, निवृत्त झाल्यापासून धडधडीशिवाय त्यांना झोप म्हणून नव्हती. तिनं फोनवर हात जोडले, त्यांना रुळाजवळच्या खऱ्या घरात हलवलं, आणि फोन ठेवल्यावर दोघं बहीणभाऊ पोट धरून हसले होते... दोघं. तेव्हा सगळं दोघांचंच होतं. कधीपासून ते एकट्याचं झालं, ती तारीख या इतिहासात कुठंच नाही.

दार वाजवून इतिहास लिहिणारी मुलगी आत आली. नव्या मालकांनी पाठवलेली, गळ्यात ओळखपत्र, खांद्याला कापडी पिशवी.

"मॅडम, झालं वाचून?"

"झालं. सही करणार नाही."

"काही शब्द बदलायचेत का?"

"शब्द ठीक आहेत गं. मजकूर खोटा आहे."

मुलगी वाद घालील म्हणून ती सरसावून बसली होती. मुलगी खुर्ची ओढून बसली आणि तिनं वही उघडली. "मग खरं सांगा. उणं कुणाला सुचलं?"

"मला." पंधरा वर्षं हे उत्तर तयार होतं, भाच्यांना सांगितलेलं, बँकेतल्या साहेबांना सांगितलेलं, तोंडपाठ. "पहिल्याच घराच्या वेळी. तिथं नळ उलटा फिरायचा."

मुलगी लिहायची थांबली. पिशवीतून तिनं एक प्लास्टिकचं पाकीट काढलं, आत एक चिठोरं. "गोदामातल्या खोक्यात मिळालं, पहिल्या घराच्या कागदांत. हे अक्षर तुमचं आहे का?"

एका बाजूला मापं होती — छाती, कंबर, बाही. दुसऱ्या बाजूला पेन्सिलीनं : 'नळ उलटा फिरतो. गरमाचं गार, गाराचं गरम. पाहुण्यांना आधीच सांगा, नाहीतर फसवल्यासारखं होईल.'

शिवणवाल्या काकू. दुकानावरची एक खोली, तेच यादीतलं पहिलं घर, गळ्यात मापाची टेप, ओठांत टाचण्या... आणि मी काय म्हणाले होते? — ते आता इतकं स्वच्छ ऐकू आलं की तिनं मुलीकडे चोरून पाहिलं, हिलाही ऐकू गेलं की काय — अहो काकू, राहू द्या की, असं लिहिलं तर कोण येईल? मी. मीच म्हणाले होते. आणि काकूंनी टाचण्या काढून तळहातावर ठेवल्या होत्या. "हे बघ बाई, कापड आखूड असलं तर मी कात्री लावायच्या आधी सांगते. शिवून झाल्यावर सांगत नाही." तिनं हसून, त्यांचं मन राखायला, चिठोरं पर्समध्ये टाकलं होतं. आणि घरी येऊन धाकट्याला म्हणाली होती — मला एक सुचलंय. की काकूंना सुचलंय, असं म्हणाली होती? नाही... मला. तिसऱ्या वर्षी काकूंचे खांदे गेले, खोली यादीतून निघाली, त्या लेकीकडे राहायला गेल्या. त्यांना फोन करायचं राहून गेलं होतं.

"मॅडम?"

ती काही बोलणार तोच धाकटा आत आला. नेहमीसारखा, दार न वाजवता. "ताई, कशाला ताणून धरतेस? छापणारे खोळंबलेत."

"हा तुझा इतिहास नाही."

"माहितीये मला." तो जरासा खजील होऊन हसला, लहानपणी पाटी फोडल्यावर हसायचा तसा, आणि तिला वाटलं, मेल्याला सगळं माहिती होतं. "बरं, तुझं नाव घालू. 'उणं ही ताईंची कल्पना.' नाव, आडनाव, फोटो, सगळं. मग तर झालं समाधान?"

मुलीनं तिच्याकडे पाहिलं. पाकीट तिनं दाखवलं नाही, लपवलंही नाही. हाताखाली ठेवलं, आणि दुसऱ्या हातानं लॅपटॉपवर ओळ टाइप करून पडदा वळवला. तिथं संस्थापकांच्या जागी ताईचं नाव होतं. तिला आनंद झाला, खोटं कशाला बोला — पंधरा वर्षांचं भांडण एका मिनिटात जिंकलं होतं. आता फक्त गप्प बसायचं. धाकटा गप्प बसला होता की इतकी वर्षं, त्याला कुठं काय झालं?

"कर सही," धाकटा म्हणाला.

"नाही."

"आता काय राहिलं, ताई?"

"बस."

"बसायला वेळ नाहीये गं."

"मग उभ्यानं ऐक."

तो उभाच राहिला. मुलगी वही उघडून थांबली. त्याच्यावरचा तिचा राग तसूभरही उतरला नव्हता, उतरायचं कारणही नव्हतं, आणि या कागदावर ती सही करणार नव्हती, मग त्यावर कुणाचंही नाव असो. तिनं तोंड उघडलं. काकूंचं नाव सांगायचं होतं — आणि ते तिला आठवेना.