सहा नंबरचा बोया

पस्तीस वर्षं खाडीतला गाळ उपसण्यात गेली म्हणून बंदरावर आबांना सगळे 'गाळवाले' म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, तिथून ते निवृत्तीच्या कागदावर आलं आणि तिथेच राहिलं. बायको गेल्यावर त्या नावाने हाक मारणारंही कुणी उरलं नाही.

तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. दोघांनी मिळून एक जुनी शिडाची बोट घेतली होती आणि धक्क्यामागच्या मोकळ्या जागेत सात वर्षं ती दुरुस्त करत बसले होते. पुढे दर सुट्टीला दोघं तिच्यातून फिरायचे. बायको पुढे बसून वाट दाखवणाऱ्या तरंगत्या बोयांवरचे नंबर मोठ्याने वाचायची आणि आबा मागे सुकाणू धरून तिच्यावर खेकसायचे, की एवढ्या मोठ्याने कशाला, मी काय बहिरा आहे? ती गेल्यावर बोट जेमतेम दोनदा धक्क्यावरून सुटली.

मुलगा लांबच्या शहरात होता. त्याचा फोन यायचा, तब्येतीची चौकशी व्हायची, आबा 'ठीक आहे' म्हणायचे आणि मग दोघांनाही पुढचं सुचायचं नाही. नातवंडांना बोटीतून चार दिवस फिरवून आणू, हे आबांनी त्याला दोन वर्षांत किती वेळा म्हटलं असेल याची गणती नाही. शेवटी या सुट्टीत येतो म्हणाला. आबांनी त्याच दिवशी बोटीचा तळ खरवडायला घेतला. रंग काढला, दोर बदलले, सुनेला मापं विचारून मुलांसाठी दोन लाइफ जॅकेटं आणली. ती मंडळी येईपर्यंत पाच महिने गेले आणि तेवढ्यात धाकटा नातू असा सुटला, की जॅकेटचा पट्टा त्याच्या पोटावर बसेना. सहा वर्षांचा होता. खायचा आणि मिळेल तिथे झोपायचा, म्हणून घरात त्याला बोका म्हणत. थोरली दहा वर्षांची. लहानपणापासून म्हाताऱ्या बाईसारखं मोजून मापून बोलायची, म्हणून आजीने तिचं ठमी केलं होतं.

एक गोष्ट मात्र आबांनी कुणालाच सांगितली नव्हती. समोरच्या माणसाकडे सरळ बघितलं, की चेहऱ्याच्या जागी कुणीतरी ओला अंगठा फिरवल्यासारखं दिसायचं. कडेचं सगळं स्वच्छ, मधलं तेवढं पुसलेलं. माणसं ते चालीवरून आणि आवाजावरून ओळखायचे. चहा ओतताना कपात बोट घालून ठेवायचे. वयाने होतं, असं त्यांनी स्वतःच स्वतःला समजावलं होतं, आणि खाडी तर त्यांच्या तळहातासारखी होती. तिथे बघायचं काय?

पहिला दिवस छान गेला. वारा बेताचा, शीड भरलेलं, मुलाने डेकवर पाय पसरलेले. पण नऊ मीटरच्या बोटीत पाच माणसं असूनही आबांना आपण शेजारच्या घरातून यांच्याकडे बघतोय असं वाटत राहिलं. त्या चौघांचे आपापसांतले विनोद होते. कुणी 'निळा मोजा' एवढंच म्हणायचं आणि चौघं हसून लोटपोट व्हायचे. आबांनी विचारल्यावर सुनेने सगळी हकीकत नीट समजावून सांगितली. ती ऐकून आबा हसले, पण तोवर बाकीच्यांचं हसून संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठमी त्यांच्याजवळ सुकाणूपाशी येऊन बसली. मुलगा पुढे दोर आवळत होता, सून खाली केबिनमध्ये बोक्याला पाव आणि अंडं भरवत होती.

"आबा, तो कितवा बोया?"

"चौथा."

"पाच लिहिलंय त्याच्यावर."

ठमीने थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या नाकासमोर हात धरला आणि ही बोटं किती म्हणून विचारलं. आबांनी सुकाणूवरची पकड घट्ट केली.

"कुणाला सांगू नकोस," ते म्हणाले.

"आईलासुद्धा?"

"आईलासुद्धा. आपल्या दोघांतच."

तिने मान हलवली. तिथून पुढे ती त्यांच्या बाजूला चिकटून बसायची आणि परीक्षेत शेजारच्याला उत्तर सांगावं तशी हळूच पुटपुटायची. चार. तीन. डावीकडे मासेमारीचं जाळं आहे. समोरून बोट येतेय, लांब आहे अजून. आबांना गेल्या तीन वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. त्यांनी तिला वारा गालावर कसा ओळखायचा ते शिकवलं, खाडीच्या तळाशी कुठे चिखल आणि कुठे वाळू हे सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकायची, पण डोळे पाण्यावरून हलवायची नाही. बोक्याने पत्ते खेळायला हाका मारल्या तरी ती जागची उठली नाही. संध्याकाळी ती दोन घास खाऊन पोट भरलं म्हणाली. सुनेला वाटलं बोट लागली असेल. आबांना काहीच वाटलं नाही, कारण ते आपल्याच आनंदात होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते परतीच्या वाटेवर होते. ओहोटी अर्ध्यावर आली होती आणि ऊन समोरून येत होतं. मुलाला ऑफिसचा फोन आला म्हणून तो केबिनमध्ये गेला. जाताना त्याने विचारलं, की फोनवरचा नकाशा लावून देऊ का? आबा म्हणाले, या खाडीचा तळ मी हाताने उपसलाय, तू तुझं काम कर. सून बोक्याचं डोकं धरून बसली होती, त्याच्या पोटात ढवळत होतं.

बंदरात शिरायची वाट सोपी होती. सहा नंबरच्या बोयापर्यंत सरळ यायचं आणि तिथे डावीकडे वळायचं, कारण पुढे पाण्याखाली वाळूचा दांडा होता. मात्र आबा निवृत्त झाल्यावर दांडा सरकला होता आणि त्याच्यामागोमाग बोयेही हलवले होते. त्यामुळे नुसत्या अंदाजावर भागणार नव्हतं, नंबर वाचायलाच हवा होता. पुढच्या बोयावर पक्ष्यांनी घाण करून ठेवली होती. ठमीने हाताची सावली करून बघितलं.

"पाच."

"नक्की?"

"हो... पाच."

आबांनी सुकाणू सरळ ठेवलं. थोड्याच वेळात बोटीखाली खरखर झाली, लांबलचक आणि मऊ, आणि बोट हळूहळू थांबली. वाळू. ती त्यांनी तळपायांनीच ओळखली. मग बोट एका अंगावर कलली आणि केबिनमधले कप धडाधड खाली आले.

मुलगा वर आला, त्याने चारी बाजूंना पाहिलं आणि पहिल्यांदा मुलं मोजली. कुणाला खरचटलंही नव्हतं. शीड उतरवून झाल्यावर त्याने विचारलं, की आपण इथे आलोच कसे?

"बोये हलवलेत," आबा म्हणाले. "मला कुणी कळवलं नाही."

"माझं चुकलं," ठमी म्हणाली. "तो सहा होता. मी पाच म्हणाले."

"तू कशाला वाचत होतीस?"

आबांना ठमीचा चेहरा दिसत नव्हता, पण श्वास ऐकू येत होता, भराभर आणि अर्धवट.

"मी खेळत होते," ती म्हणाली. "आबांना मीच मध्ये मध्ये त्रास देत होते."

दहा वर्षांची पोर बापासमोर आबांसाठी खोटं बोलत होती, तेही इतकं नीट, की तिने ते आधीच ठरवून ठेवलं असणार.

"खेळत नव्हती ती," आबा म्हणाले. "मला दिसत नाही. नंबर दिसत नाहीत, तोंडं दिसत नाहीत. कुणाला सांगू नकोस असं मीच तिला बजावलं होतं."

सुनेने ठमीला जवळ घेतलं आणि खाली नेलं. मग केबिनमधून तिच्या रडण्याचा आवाज आला. हुंदके देत, उचक्या लागेस्तोवर ती रडली. दोन दिवस डोक्यावर धरलेलं ओझं एकदम खाली टाकल्यासारखी.

कधीपासून, असं मुलाने विचारलं. तुझी आई होती तेव्हापासूनच थोडं थोडं असणार, आबा म्हणाले, नंबर ती वाचायची म्हणून कळलं नाही.

"बाबा, दोन मुलं आहेत बोटीत," मुलगा म्हणाला. आवाज चढवला नाही.

"हो," आबा म्हणाले.

पाणी परत चढायला पाच तास होते. दांडा हळूहळू उघडा पडला. बोक्याचं पोट एव्हाना ठिकाणावर आलं होतं. भर समुद्रात चालायला मिळतंय म्हटल्यावर तो शिडीवरून उतरला आणि शिंपले गोळा करत सुटला. त्या दुपारी खूश असा तो एकटाच होता. मुलगा बोटीचा तळ हाताने चाचपत फिरला. तडा नव्हता. सुनेने आबांना पाव आणि अर्धं संत्रं आणून दिलं आणि तीही कललेल्या फळीवर तोल सांभाळत बसली.

"फोनवर मी दरवेळी विचारायचे ना, तब्येत कशी आहे म्हणून?"

"विचारायचीस. ठीक आहे म्हटलं की तुम्हा सगळ्यांना बरं वाटायचं."

सून संत्र्याची सालं गोळा करायला लागली. तिला वाईट वाटलं की राग आला, ते आबांना समजलं नाही, कारण त्यासाठी तोंड दिसावं लागतं.

मग ते शिडी चाचपत वाळूवर उतरले. ठमी एकटीच पायाने रेघा ओढत होती.

"ठमाबाई, मी तुला तसं सांगायला नको होतं. फार चुकलं माझं."

"मला वाटलं, मी बोलले तर तुम्हाला बोट चालवू देणार नाहीत."

"नाहीच देणार आता."

"मग आपण पुढच्या सुट्टीत नाही यायचं?"

हो म्हणणं सोपं होतं. पण दोन दिवसांत पुरेसं खोटं झालं होतं. "माहीत नाही बाळा," ते म्हणाले.

तिने विचारलं, की माझं तोंडसुद्धा दिसत नाही का? आबांनी मान वळवली आणि डोळ्यांच्या कडेने तिच्याकडे पाहिलं. ती वर्षभरात लांबोडकी झाली होती, आजीच्या वळणावर गेली होती, आणि रडून डोळे सुजले होते.

"असं तिरकं बघितलं की दिसतं."

"कशी दिसते मी?"

"नाकाला वाळू लागलीय."

तिने नाक पुसलं. हसली की नाही, ते बघण्याआधीच ती बोक्याकडे पळाली.

भरतीने बोट उचलली तेव्हा सुकाणू मुलाच्या हातात होतं आणि नकाशा समोर उघडा होता. बाबा, तुम्ही आत बसा, तो म्हणाला. चांगल्या शब्दांत म्हणाला. आबा आत बसले. बोट कुठे वळतेय ते त्यांना अंगाला कळत होतं. बरोबर वळत होती. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

चौथा दिवस कुणी मागितलाच नाही. मुलाने डोळ्यांच्या दवाखान्यात वेळ घेतली आणि तारीख जाड पेनाने वहीएवढ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावली. सून म्हणाली, बाबा, आमच्याकडे या राहायला. आबा म्हणाले, बघू. तिने पुन्हा विचारलं नाही आणि मुलगा तर त्या वेळी सामान गाडीत ठेवत होता. निघताना ठमीने त्यांच्या कमरेला मिठी मारली. गाडी कोपऱ्यावर वळून गेल्यावरही आबा हात हलवत होते, कारण ती गेली हे त्यांना आवाजावरूनच कळलं आणि आवाज उशिरा संपला.

डॉक्टर तरुण बाई होती. गेलेली नजर येणार नाही, ती म्हणाली, पण इंजेक्शनं घेतली तर उरलेली टिकेल. एवढ्या उशिरा का आलात, हे तिनेही विचारलं.

पावसाळ्याआधी बोटीला गिऱ्हाईक आलं. शाळेत शिकवणारं एक जोडपं होतं. आबांनी त्यांना प्रत्येक दोर हातात धरून दाखवला, कुठली गाठ ओढली की शीड खाली येतं, कुठली कधीच ओढायची नाही. बाईंनी सगळं वहीत लिहून घेतलं आणि आज पहिल्या फेरीला आमच्याबरोबर चला म्हणाल्या. आबांना जायचं होतं. पण त्या दोघांचा दोर कुणी सोडायचा आणि सुकाणू कुणी धरायचं यावरून हसत हसत वाद चालला होता, आणि आपण मध्ये बसलो तर दोघंही सांभाळून बोलायला लागतील, हे त्यांना समजत होतं.

"जा तुम्ही," ते म्हणाले. "मला काम आहे घरी."

काम काहीच नव्हतं. त्यांनी धक्क्यावरचा दोर सोडून दिला, तो पाण्यात पडू नये म्हणून गुंडाळून बाईंकडे फेकला. बाईंनी तो झेललेला त्यांना दिसला नाही, पण पाण्याचा आवाज आला नाही, तेव्हा झेलला असावा.