निळा मायलो

"अर्डिस, जरा इकडे ये. हा राखाडी आहे की निळा?"

माझा नवरा व्हर्लिन जेवणाच्या टेबलापाशी उभा होता. एका हाताने डावा डोळा झाकलेला, दुसऱ्या हातात बंद पडलेल्या कागद गिरणीच्या धुराड्याचा फोटो. मग त्याने हात बदलला, उजवा डोळा झाकला आणि पुन्हा पाहिलं. परत डावा, परत उजवा. शाळेत नजर तपासायला डॉक्टर आले की पोरं करतात तसं त्याचं सकाळपासून चाललं होतं, तेही पायजम्यावर.

"डाव्यानं पाहिला की राखाडी. उजव्यानं पाहिला की निळा. फोटो तर एकच. मग यातला खोटारडा डोळा कुठला?"

"कॉफी ओतू का अजून?" मी विचारलं.

काय बोलावं ते सुचलं नाही की मी कॉफी ओतते. मिनेसोटात आमच्याकडे सगळेच ओततात.

मंगळवारी मी त्याला डुलुथच्या इस्पितळात नेऊन उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून आणला होता. डाव्याची पाळी दोन आठवड्यांनी होती. बुधवारी पट्टी निघाली, आणि परतीच्या वाटेवर हा गाडीत बसून लहान मुलासारखा हसत होता. बर्फ निळा, आभाळ निळं, माझे पांढरे केससुद्धा निळे. "तू तर थेट तुझ्या गिऱ्हाइकांसारखी दिसतेस गं!" म्हणाला. घरी आल्यावर टेबलावर सोमवारी छापलेला फोटो पाहिला आणि याचं हसणं बंद पडलं.

आधी त्याने खापर डॉक्टरीणबाईंवर फोडलं. "निळी काच बसवली असणार तिनं. चष्मा तरी परत करता येतो, हे आता कसं परत करू?" मग प्रिंटरवर घसरला. शाईची नळी तुंबली असेल म्हणून तपासणीचं पान छापलं. एकही रेघ तुटलेली नव्हती. मग कागद. मग खिडकीतला उजेड. बुधवारची दुपार आणि गुरुवारची सकाळ त्यातच गेली. फोटो पांढऱ्या फ्रिजला लावून पाहिला, तर उजव्या डोळ्याला फ्रिजही निळसर आणि फोटो त्याहून निळा. डाव्या डोळ्याला फ्रिज सायीच्या रंगाचा आणि फोटो छान राखाडी. माणूस पार गोंधळून गेला. डोकं धरून खुर्चीत बसला.

मला उत्तर माहीत होतं. पाच वर्षांपासून माहीत होतं. म्हणून तर कॉफी ओतत होते.

व्हर्लिनने एकतीस वर्षं वर्तमानपत्राच्या अंधाऱ्या खोलीत दुसऱ्यांचे फोटो छापले. खाली नाव यायचं ते फोटो काढणाऱ्याचं. छापणाऱ्याचं कुणी विचारलंही नाही, आणि यानेही कधी तक्रार केली नाही. त्याला अभिमान होता तो एकाच गोष्टीचा, आपल्या राखाडी रंगाचा. काळा कुठे संपतो आणि पांढरा कुठे सुरू होतो, ते माझ्या डोळ्यांना कळतं, असं तो म्हणायचा, आणि ते खरंच होतं. ती खोली बंद झाली, हा निवृत्त झाला, तेव्हा त्याने हे प्रिंटरचं धूड विकत घेतलं आणि माझी कपबशांची मांडणी हलवून तिथे ठेवलं. आत रंगीत शायांसोबत काळ्या आणि राखाडी शायांच्या तीन-चार नळकांड्या. संगणकावर रंगांचं एक चक्र दिसतं, त्यात एक ठिपका. तो इकडे सरकवला की फोटो उबदार, पिवळसर होतो, तिकडे सरकवला की गार, निळसर. गावात कुणी गेलं की चर्चमध्ये शवपेटीशेजारी ठेवायचा मोठा फोटो व्हर्लिन छापणार, तोही फुकट आणि चौकटीसकट. लोक जुना, दुमडलेला फोटो आणून द्यायचे आणि हा त्यांना त्यांचं माणूस परत द्यायचा. रविवारी तो चर्चमध्ये ताठ बसायचा तो त्यामुळेच.

पण डोळ्यांत मोतीबिंदू पिकत गेला तसं त्याला सगळं पिवळं दिसू लागलं, आणि ते त्याला कळलं नाही. कळणार कसं, हळूहळू होतं ते. छापलेला फोटो पिवळट दिसला की हा ठिपका थोडा गारव्याकडे सरकवायचा. पुढच्या वेळी अजून थोडा. त्याला राखाडी दिसायचं तेव्हा आम्हाला सगळ्यांना निळं दिसायचं.

मी चाळीस वर्षं तळघरात खुर्ची टाकून गावातल्या बायकांचे केस केले. पांढऱ्या केसांवर पिवळी झाक येते, ती मारायला निळसर पाणी किती लावायचं आणि कुठे थांबायचं, ते माझी बोटं झोपेतही सांगतील. पहिला निळा फोटो निघाला तेव्हा मी सरळ म्हटलं होतं, "जरा निळा वाटतो रे." त्यावर हा मान वर न करता म्हणाला, "केसवाल्या बाईनं केसांचं बघावं."

असं लागलं मला ते! म्हटलं, छाप मेल्या, काय छापायचं ते छाप. आधी रागाने गप्प राहिले. मग त्याची कीव आली म्हणून गप्प राहिले. मग पाच वर्षं झाली, आणि इतक्या उशिरा बोलायचं तरी कोणत्या तोंडाने?

गाव तर बोलणार नव्हतंच. आमच्याकडे कुणी कुणाच्या वस्तूला वाईट म्हणत नाही. सूपमध्ये मीठ जास्त पडलं तरी "वेगळंच झालंय हं" म्हणतात आणि वर अजून एक वाटी घेतात. व्हर्लिनच्या फोटोंना सगळे म्हणायचे, "वेगळाच आहे हं." आणि हा बिचारा ते कौतुक म्हणून घरी घेऊन यायचा.

दुपारी तो एकदम उठला आणि कोट चढवायला लागला. "मायलोचा फोटो बघून येऊ. तो माझा सगळ्यात चांगला. तो जर या डोळ्याला निळा दिसला, तर डॉक्टरनंच घोटाळा केलाय."

"उद्या जाऊ ना," मी म्हटलं.

"आज काय झालं?"

ऑपरेशनपासून गाडी मीच चालवत होते, तेव्हा नेलंच त्याला.

मायलो म्हणजे लवॉनचा नवरा. पाच वर्षांपूर्वी मार्चमध्ये गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेला, बर्फ पातळ झाला होता, आणि तो आत गेला तो गेलाच. लवॉन माझी जुनी गिऱ्हाईक आणि त्याहून जुनी मैत्रीण. तिने दार उघडलं, व्हर्लिनच्या डोळ्याची चौकशी केली आणि कोट उतरवायच्या आत लिंबाच्या वड्यांची ताटली पुढे केली.

मायलो टीव्हीच्या वर, भिंतीवर होता. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, मागे तळ्यावरचा लाकडी धक्का, डोळे बारीक करून हसतोय. फोटोच्या अगदी शेजारी जाड पिवळ्या टोपीचा दिवा, आणि भर दुपारी तो लावलेला.

व्हर्लिनने डावा डोळा झाकला. पाहिलं. उजवा झाकला. पाहिलं.

"बघ!" तो माझ्याकडे वळला. चेहरा उजळला होता. "हा एकाही डोळ्याला निळा नाही! मग घरचाच का..." आणि तो थांबला. त्याची नजर दिव्यावर गेली. एकतीस वर्षं उजेडाशी झटलेला माणूस तो. त्याने हात पुढे केला आणि बटण दाबलं.

मायलो निळा पडला. ओठ, गाल, दुमडलेल्या बाह्यांतले हात, सगळं.

व्हर्लिनने हळूच डोळ्यावरचा हात खाली घेतला.

"लवॉन, हा फोटो कसा दिसतो तुला?"

"वेगळाच आहे हं," लवॉन चटकन म्हणाली. "वडी घे ना."

"वेगळा म्हणजे कसा?"

लवॉनने माझ्याकडे पाहिलं. मी वडीकडे पाहिलं.

"बाई, आज खरं सांग," व्हर्लिन म्हणाला. असा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

लवॉन खुर्चीच्या कडेवर बसली. "जुलैतला फोटो होता तो, व्हर्लिन. उन्हातला. उन्हातला म्हणूनच मी तो काढून दिला होता तुला. तू छापून आणलास तर मायलो गारठलेला. मला वाटलं, तू मुद्दाम केलंस. तो बर्फाखाली गेला म्हणून." तिने वड्यांची ताटली उगाच सरळ केली. "तुझ्या मनात काहीतरी असेल म्हटलं. तुम्हा कलावंतांचं आम्हाला काय कळतं? पण मला तो तसा बघवेना. मग हा दिवा आणला. याच्या उजेडात त्याला जरा ऊब येते. बल्ब गेला की बदलते, बाकी बंद करत नाही."

"मला सांगायचं होतंस."

"फुकट छापून दिलास, वर चौकट दिलीस. कसं सांगणार?"

व्हर्लिनने दिवा पुन्हा लावला. वडी घेतली आणि पूर्ण खाल्लीही. आमच्याकडे वडी टाकून कुणी निघत नाही.

गाडीत बसून त्याने पट्टा लावला. मग म्हणाला, "तुला माहीत होतं."

"हो."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून. सांगितलं होतं तेव्हा. तू म्हणालास, केसवाल्या बाईनं केसांचं बघावं."

"मी असं म्हणालो?"

"म्हणालास."

"आठवत नाही."

"मला आठवतं ना! पाच वर्षं आठवतंय!" मी ओरडलेच, आणि मग मला रडू फुटलं. गाडी चर्चच्या आवारात घेऊन थांबवावी लागली. "चुकलं माझं. तू दर वेळी फोटो घेऊन इतक्या आनंदानं यायचास. मला वाटायचं, आज नको, पुढच्या वेळी सांगू."

त्याने खिशातून रुमाल काढून दिला. पुन्हा निघालो तर रस्त्यावरची घरं बघत पुटपुटायला लागला. "एल्डन. त्याची आई. मग हे कोपऱ्यावरचं, जुळ्यांपैकी तो थोरला..." प्रत्येक घरात त्याने छापलेलं एक माणूस होतं. आमच्या दारात पोचेपर्यंत तो नावं घेत होता.

शुक्रवारी सकाळी खाली आले तर प्रिंटरसमोर दोन खुर्च्या मांडलेल्या. इतक्या वर्षांत तिथे दुसरी खुर्ची कधी नव्हती.

"बस. मला आज दोन माणसांसारखं दिसतंय आणि दोघंही भांडतायत. तू सांग."

"ऐकशील?"

"बस म्हटलं ना."

त्याने कागद काढला. एकाच बाजूला शाई धरणारा लेप असतो, आणि ती बाजू कुठली ते त्याला दिसेना. "कोपरा ओठाला लाव. चिकटेल ती आपली बाजू." मी लावला. चिकटला. आधी नुसत्या राखाडी चौकोनांची पट्टी छापली, अगदी फिक्यापासून काळ्याकुट्टापर्यंत. मी ती खिडकीत धरली.

"मिसेस ओस्बीचे केस," मी म्हटलं. "नातीच्या लग्नाच्या दिवशी फार वेळ ठेवलं होतं पाणी, तसे झालेत."

"म्हणजे किती निळं?"

"खूप. अर्ध्यावर आण."

त्याने ठिपका सरकवला. दुसरी पट्टी. तिसरी. चौथीला मी म्हटलं, आता जुन्या चांदीच्या चमच्यासारखं आलंय, पण काळ्यात अजून निळं लपलंय. पाचवीला ते गेलं. व्हर्लिनचा हात सारखा डोळ्याकडे जायचा आणि तो स्वतःच तो खाली घ्यायचा. मग मायलो छापला. शाई पुरती वाळायच्या आधी रंगावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्याचा जुना नियम. मी पाहायला वाकले तर माझ्याच हातावर चापट मारली. शनिवारी सकाळी खिडकीपाशी मी फोटो पाहिला. व्हर्लिन माझ्याकडे बघत होता, फोटोकडे नाही.

"राखाडी," मी म्हटलं.

"नक्की?"

"मायलो आहे तो, व्हर्लिन. ऊन लागतंय त्याला."

त्याने मान फिरवली आणि उगाच चौकटीची काच पुसत बसला.

दुपारी घरी नेऊन दिला तेव्हा लवॉनने फोटो दोन्ही हातांत धरला, उभ्या उभ्याच. मग तोंडावर हात ठेवला. "अगं बाई," एवढंच म्हणाली. व्हर्लिनने जुना फोटो खिळ्यावरून काढला, नवा लावला, सरळ केला आणि जुना काखेत मारून दाराकडे निघाला.

"तो कुठे नेतोस?"

"टाकून देतो. माझी चूक आहे ती."

"टाकतोस काय!" लवॉनने तो त्याच्या काखेतून ओढूनच घेतला. "पाच वर्षं रोज सकाळी याच्याशीच बोलले मी. हा खरा मायलो नव्हता ते वेगळं, पण माझ्याजवळ हाच होता."

तिने दिव्याचं बटण बंद केलं, वायर भिंतीतून काढून गुंडाळली, आणि एका हातात दिवा, दुसऱ्या हातात निळा मायलो घेऊन झोपायच्या खोलीत गेली. आतून खिळा ठोकल्याचा आवाज आला. व्हर्लिन टोपी हातात धरून बैठकीत उभा होता. मग आत बटण वाजलं, आणि अर्ध्या उघड्या दारातून पिवळा उजेड त्याच्या बुटांपर्यंत आला.