अंबादासजींचा जोड

“मामाजी, पुन्हा लाल दिवा! आता मी काय करू?”

सुनेत्रा इस्त्रीची साडी नेसून पुढच्या खोलीत उभी होती. इंटरनेट बंद पडून लॅपटॉपवर नुसतं चक्र फिरत होतं. अकराला तिची मुलाखत होती, नागपूरच्या एका कंपनीत, घरबसल्या हिशेबाचं काम. लग्न होऊन रांझीला आल्यापासून तिच्या हातून दोन नोकऱ्या निसटल्या होत्या. ही तिसरी तिला काहीही करून हवी होती.

तिचे सासरे अंबादासजी गच्चीवर जाऊन पाहून आले. “वानरं झुलली वायरवर. हुकापाशी वायर पार वाकून गेली.”

“फायबरवाल्या भैयालालभैयाला फोन केला मी. येऊन राहिले ते. तुम्ही हात नका लावू हां, मामाजी.”

हात नका लावू! ज्यांची सगळी हयात टेलिफोन खात्यात केबलचे जोड मारण्यात गेली, कमानिया गेटजवळच्या खड्ड्यात कंबरभर पाण्यात बसून ज्यांनी अर्ध्या बाजाराचे फोन चालू केले, त्यांना कालची सून सांगत होती, हात नका लावू. अंबादासजींच्या ते जिव्हारी लागलं.

तसा हा फायबर त्यांना पहिल्यापासून खपला नव्हता. आधी घरात तांब्याची लाइन होती. तिच्यावर इंटरनेट गोगलगायीसारखं चाले आणि पावसात खरखरे, हे खरं. पण वीज गेली तरी तिच्यावरचा फोन जिवंत राही, कारण त्याचा करंट थेट एक्स्चेंजमधून येई. हा फायबर मात्र वीज गेली की गप्प. अंबादासजी हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. ऐकणारे चहा पिऊन जात आणि घरी फायबर लावून घेत.

सुनेत्रा कागद काढायला आत गेली तशी त्यांनी खुंटीवरची पिशवी घेतली आणि गच्ची गाठली. वाकलेला तुकडा पक्कडीने तोडून टाकला. काळं आवरण सोललं. आत दोन चकचकीत तारा निघाल्या आणि त्यांच्यामध्ये केसासारखा एक धागा. जुन्या केबलींमध्येही असले भरतीचे दोरे असत. त्यांनी तो झटकून टाकला, तारेला तार पिळली, टोकं दाबली, वर टेप गुंडाळली. जोड असा बसला की त्याला पाळणा टांगावा.

“आता पाय दिवा,” खाली येऊन ते म्हणाले.

दिवा लालच होता.

तेवढ्यात फायबर कंपनीचा भैयालाल आला. गच्चीवर गेला आणि त्याने कपाळाला हात लावला.

“दादाजी, ये तो सहारे के तार हैं, बस वज़न सँभालते हैं। बात तो उस काँच के धागे से जाती है, रोशनी बनके। आपने वही फेंक दिया!”

वायर नुसती वाकली होती. सरळ केली असती तर काम झालं असतं. आता ती आखूड पडली होती. खांबापासून नवी ओढायची, आणि जोडायचं मशीन विजय नगरच्या ऑफिसात. अकरापर्यंत काही जमणार नव्हतं.

अंबादासजी मटकन पायरीवर बसले. आयुष्यात इतकी शरम त्यांना कधी वाटली नव्हती.

“माहं चुकलं, बेटा. तू नाई म्हणून राहिली होती, तरी गेलो.”

सुनेत्राचे डोळे भरून आले. तिने ते पदराने टिपले. मग तिने मोबाइल उचलला. त्याचं नेट घरात पकडत नसे, गच्चीवर तेवढं येई.

“चला. छत्री घ्या. उन्हात लॅपटॉपचं काही दिसत नाही.”

गच्चीवर स्टूल मांडलं, घरची लाइन तुटल्याचं सुनेत्राने आधीच सांगितलं आणि मुलाखत सुरू झाली. अंबादासजी छत्री धरून मागे उभे राहिले. मध्येच कठड्यावर एक वानर येऊन बसलं. छत्री जराही न हलवता त्यांनी जोरात पाय आपटला. पडद्यावरच्या बाई हसल्या.

“मागे कोण आहेत?”

“माझे सासरे, मॅडम. टेलिफोनमध्ये केबल जॉइंटर होते.”

“अरे वा! मग लाइन कशी तुटली?”

अंबादासजींनी मान खाली घातली.

“वानरांनी तोडली, मॅडम,” सुनेत्रा म्हणाली.

त्यांचा हात भरून आला होता, पण त्यांनी छत्रीचा हात बदलला नाही.

दुपारी भैयालालने नवी वायर ओढून दिली. दोन दिवसांनी होकार आला. सुनेत्राने पहिला पेढा मामाजींच्या हातावर ठेवला. त्यांनी तो खाल्ला, पण त्या दिवसापासून घरातल्या साध्या पंख्याच्या बटणालाही ते हात लावेनासे झाले.

रविवारी सुनेत्रा धुतलेल्या सतरंज्या घेऊन गच्चीवर आली. जुन्या वायरचं वेटोळं कोपऱ्यात पडलं होतं.

“भंगारवाल्याले देऊन टाक ते,” अंबादासजी म्हणाले.

“काहून?” म्हणत तिने वायर उचलली आणि दोन खांबांना ताणून बांधली. मधोमध काळ्या टेपचा जोड आला. “मामाजी, सतरंज्या लय जड आहेत. तुटणार तर नाही ना?”

अंबादासजी पुढे आले. जोडाच्या दोन्ही बाजूंना मुठी आवळून त्यांनी अंगाचा सगळा भार टाकला. पाय जमिनीवरून थोडे सुटले.

“टाक,” ते म्हणाले.

सुनेत्राने दोन्ही सतरंज्या एकदम टाकल्या.