आर्विडचं बोट

आर्विड स्ट्रॉमक्विस्टने जन्मातला पहिला ठोसा म्हातारपणी मारला, आणि तोही चर्चच्या तळघरात, कॉफीच्या टेबलाशी उभं राहून. ठोसा बसला तो सख्ख्या मेहुण्याच्या, ड्वेनच्या, नाकावर. भांडण विमानांवरून होतं.

पूर्वी विमानं उतरायला यायची ती मूठभर दाणे उधळावेत तशी सगळ्या गावावरून. प्रत्येकाच्या वाट्याला थोडीथोडी. पुढे विमानतळावर इतकी गर्दी झाली की विमानं ढगांत रांग लावून घिरट्या घालू लागली. मग उपग्रहावरून वाट दाखवणारी नवी यंत्रणा आली. ती इतकी हुशार, की प्रत्येक विमान पुढच्याच्या मागोमाग, त्याच रेषेवरून, बोटभरही न चुकता. रेषा आर्विडच्या धुराड्यावरून गेली होती. त्याची बायको मार्लिस उशी घेऊन न्हाणीघरातल्या टबात झोपू लागली होती. तिथे म्हणे आवाज जरा कमी यायचा.

जुलैत याच रेषेवरून चर्चच्या तळघरात भरलेल्या सभेला विमानतळाच्या ऑफिसातून टॉलिव्हर नावाचे इंजिनिअर आले होते. ड्वेन उठून म्हणाला, "रेषा आहे तिथंच राहू द्या. एका घराची झोप गेली तर गेली, बाकीचं गाव तर झोपतंय!"

"तुझी बहीण आहे ना रे त्या घरात?" आर्विड म्हणाला.

"म्हणून तर सांगतो. ती लहानपणीही झोपायची नाही."

इथे ठोसा बसला. ड्वेनने कॉफीचा भलामोठा थर्मास उचलून आर्विडच्या खांद्यावर हाणला. कोणीतरी कोणाच्या तरी पाठीत खुर्ची घातली, आणि सगळी सभा एकमेकांच्या कॉलरींना धरून जिन्याने वर पार्किंगमध्ये गेली. पाद्रीबुवांनी बागेचा पाइप सोडला तेव्हा कुठे लोक थंड झाले.

तळघरात दोघेच उरले. टॉलिव्हर नकाशासकट टेबलाखाली होते, आणि आर्विड आपली कवळी शोधत होता.

"अहो, तुम्हीच सांगा," टॉलिव्हर खालूनच म्हणाले, "कुठं कोणी राहत नाही?"

आर्विडने कवळी बसवली, वाकला, आणि नकाशावरच्या निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हे तळं. पाण्यावर कोण राहतं?"

पानगळीत रेषा तळ्यावर सरकली. मार्लिस टबातून पलंगावर आली. आर्विडने तिला खरं काय ते सांगितलं, तिने त्याला भट्टीत भाजून अ‍ॅपल पाय खायला घातला, आणि गोष्ट दोघांतच राहिली.

चूक त्याला डिसेंबरात कळली. तळं गोठलं, की गावातले सगळे पुरुष पिकअप ट्रकला बांधून आपापली लाकडी खोपटी बर्फावर ओढत आणतात. आत शेगडी, बाकडं, बिअर, आणि पायाखालच्या बर्फाला पाण्यापर्यंत भोक. त्या भोकात गळ सोडून मार्चपर्यंत गप्प बसायचं. आर्विडही जन्मभर हेच करत आला होता. पण जुलैत नकाशा निळा असतो, आणि जुलैत बर्फ आठवायला माणूस वेडा असावा लागतो.

आता विमानं खोपट्यांच्या पत्र्यावरून घासत जायची. शेगड्या हलायच्या. मासे, ड्वेनच्या म्हणण्याप्रमाणे, कान झाकून तळाशी बसले होते.

"ज्यानं ही रेषा इकडं ढकलली ना," ड्वेन रोज संध्याकाळी बर्फ भोसकायच्या गिरमिटाला धार लावत म्हणायचा, "त्याला मी याच भोकातून घालीन आणि पलीकडच्या भोकातून काढीन."

"घालायलाच पाहिजे," आर्विड म्हणायचा. त्याचं बोट खिशात असायचं.

जानेवारीत तक्रारींचा ढीग पडला, तेव्हा टॉलिव्हर बर्फावरून घसरत घसरत आवाज मोजायला आले. पुरुषांनी त्यांना गराडा घातला.

"तळ्यावरून न्या म्हणून कोणी सांगितलं तुला?" ड्वेनने त्यांचा मफलर धरला.

टॉलिव्हरनी सगळ्यांकडे पाहिलं. त्यांची नजर आर्विडवर थांबली, चेहरा ओळखीने उजळला, तोंड उघडलं. त्या उघड्या तोंडावर आर्विडने जन्मातला दुसरा ठोसा मारला.

माणसं खूश झाली. पण टॉलिव्हर बर्फावर पडल्या पडल्या, रक्त थुंकत, अतिशय सभ्यपणे म्हणाले, "हाच तो हात. बोटही तेच."

मग ड्वेनने ते बोट पकडलं, खोपट्याच्या दाराच्या फटीत धरलं, आणि दार लावलं. कडकन आवाज आला. उरलेल्यांनी बाहेर रचून ठेवलेले पाईक मासे उचलले. गोठलेला पाईक हातभर लांब आणि दगडासारखा टणक असतो. पहिला आर्विडच्या बरगडीवर मोडला, दुसरा कानशिलावर. तिसऱ्याच्या वेळी कोणीतरी म्हणालं, "अरे, हा मोठा आहे, हा खायला ठेवा," म्हणून तो वाचला. मासाही आणि आर्विडही.

सगळे दमले, तेव्हा टॉलिव्हरनी कोटातून नकाशा काढला. "रेषा परत हलवता येईल. कुठं कोणी राहत नाही, ते दाखवा."

पुरुषांनी नकाशाकडे पाहिलं. मग काठावरच्या घरांकडे पाहिलं.

"घरी आता कोण आहे?" ड्वेन म्हणाला.

सगळे तर इथेच होते. सर्वांनी मिळून गावावर बोट ठेवलं. एकट्या आर्विडने नाही ठेवलं. त्याचं बोट वांग्यासारखं सुजलं होतं.

फेब्रुवारीत पहिलं विमान पुन्हा गावावरून, या वेळी ओळीने सगळ्यांच्याच धुराड्यांवरून गेलं, आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या बायका बर्फ काढायची फावडी घेऊन तळ्यावर आल्या. पुढे मार्लिस. तिने पहिल्या फटक्यात ड्वेनच्या खोपट्याची खिडकी उडवली, दुसऱ्यात ड्वेनची टोपी, टोपीखालच्या काही केसांसकट.

"कोणाचं बोट?" तिने विचारलं.

तळ्यावरच्या एकूण एक पुरुषाने आर्विडकडे बोट केलं.

"या वेळी नाही गं!" आर्विडने पट्टीतलं बोट वर धरलं. "हे बघ, मोडलंय! मी कसं दाखवणार?"

"मागच्या वेळी कोणी दाखवलं होतं?"

आर्विडने बोट खिशात घातलं. फावडं त्याच्या ढोपरावर बसलं, मग पाठीवर, आणि तो बर्फावरून काठापर्यंत आपोआप गेला. इतर पुरुष त्याच्या मागोमाग, त्याच रेषेवरून, बोटभरही न चुकता गेले. बायकांनी खोपट्यांत शिरून आतून कड्या लावल्या. शेगड्या पेटलेल्या होत्याच. आणि तळ्यावर आता सुरेख शांतता होती.

त्या रात्री आर्विड घरी टबात उशी टाकून नुकता आडवा झाला होता, वरून एक विमान चाललं होतं, तेवढ्यात दार ढकलून ड्वेन आत आला. डोक्याला फडकं बांधलेलं, काखेत स्वतःची उशी.

"सरक," तो म्हणाला.

"जागा नाही."

"आर्विड, माझ्या घरात टब नाही रे. नुसता शॉवर आहे."

आर्विडने मोडलेलं बोट छातीशी धरलं आणि ढोपरं पोटाशी घेतली.