अन्वरचे पाय

अठ्ठ्याहत्तर सालच्या चैत्रात, जत्रेच्या कुस्त्यांच्या दिवशी, हैबतराव वस्तादांचं डोकं सकाळीच फिरलं. अन्वर हा त्यांच्या पौडच्या तालमीतला सगळ्यांत गुणी पोरगा. आजची कुस्ती मारली, तर जिल्ह्याच्या संघात त्याची निवड पक्की होती. आणि हे महाशय ओढ्याच्या वाळूत रुतलेली गेणबाची बैलगाडी खांदा लावून ढकलत होते!

"लेका, पैलवान हायेस का बैल?" वस्ताद गरजले.

"गेणबानानांनी हाक मारली, वस्ताद. न्हाई कसं म्हनू?"

हेच तर दुखणं होतं. पोरगा धिप्पाड, त्यात कुणाला नाही म्हणायचा नाही. फुलाबाईंचं जातं हलवायला अन्वर, शाळेची कपाटं उचलायला अन्वर. गावाला फुकटचा हमालच सापडला होता.

जत्रेच्या गावाला जाणाऱ्या यष्टीत पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून सायकल काढली. वस्तादांचे गुडघे तरुणपणीच आखाड्यात कामी आले होते, त्यामुळे ते कॅरियरवर बसले आणि तिथूनच शिकवू लागले.

"मांड्या दमल्या की पैलवान संपला. हात शाबूत असत्यात, छाती शाबूत असती, पन कंबर वर येती, टाचा उचलत्यात. मग समोरच्याला डाव लागत न्हाई. नुसता हिसडा दिला तरी गडी तोंडावर. कळलं का?"

"व्हय, वस्ताद." अन्वरला धाप लागली होती. धरणाकडचा चढ सुरू झाला होता.

"मग त्या गाडीला हात कशापायी लावलास?"

चढ संपला तरी गेणबाचा उद्धार संपला नव्हता. मध्ये एकदा सायकल डगमगली, तेव्हा "नीट चालव की!" एवढं मात्र वस्ताद वेगळं बोलले.

आखाड्यात सलामी झाली. भोरच्या पैलवानाने पाय ओढायला दोनदा पटात शिरून पाहिलं, दोन्ही वेळा अन्वरने त्याला दाबून धरलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. वस्तादांची नजर मात्र पायांवर होती. पोराची कंबर हळूहळू वर येत होती. गुडघे थरथरत होते.

"कंबर खाली! अरं, खाली बस!"

अन्वर बसायला गेला, पण पायांनी ऐकलं नाही. भोरच्या गड्याने मानेवर हात टाकून नुसतं पुढे ओढलं. अन्वरच्या टाचा सुटल्या, तो भेलकांडला, आणि मागे आलेल्या गड्याने त्याला सहज उलथा केला. पाठीला माती लागली. निवड गेली.

"कुनी कुनी राबवलं तुला? नावं सांग!" वस्ताद आखाड्याबाहेर थयथयाट करत होते. "गेणबाला तर उद्या चव्हाट्यावरच उभा करतो!"

अन्वर खाली मान घालून कपडे चढवायला लागला. मग त्याने सायकल आणली, नेहमीप्रमाणे खांद्यावरच्या पंच्याने कॅरियर पुसला आणि हँडल घट्ट धरलं.

"बसा, वस्ताद."

हैबतरावांनी पाय उचलला आणि तसेच थांबले. पोराची मांडी अजून थरथरत होती. सकाळी चढभर आपण कुठे बसलो होतो, ते त्यांना आत्ता आठवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. आणि पोरगा इतकं विचारूनही बोलला नाही, याचा तर भयंकर राग आला.

"आदी बोलायला तोंड शिवलं व्हतं का तुजं?" ते खेकसले.

"तुमचं गुडघं दुखत्यात, वस्ताद."

हैबतरावांनी त्याच्या हातून हँडल हिसकावून घेतलं आणि रिकामी सायकल ढकलत, लंगडत पौडची वाट धरली.