पिस्तुलाला रुमण्याची मूठ

घाबरू नका मित्रांनो, मी रिकामा आहे. माझ्या पोटात आता एकसुद्धा गोळी नाही. घोडा ओढलात तर नुसतं 'टक्' वाजेल. तरी ओढायचा नाही हं! हात मागे. पिस्तुलाची गोष्ट लांब बसूनच ऐकायची असते, आणि हे तुम्हाला खुद्द पिस्तूलच सांगतंय, म्हणजे बघा.

तर मी एक जुनं सहाबारी पिस्तूल आहे. जन्म विलायतेतला. तिथल्या कारखान्यात लोखंड कापून, घासून, निळसर झाक देऊन मला घडवलं. मुठीच्या दोन्ही अंगांना कडक काळ्या रबराच्या फळ्या बसवल्या. त्यांच्यावर बारीक चौकटींची नक्षी, आणि वर एका गोलात कारखान्याचा छाप. त्या छापाचा मला कोण तोरा! वाटायचं, आपण काही ऐऱ्यागैऱ्याच्या हातात जाणारे नव्हे. आणि गेलो कुठे? तर मुळशीत, कासार आंबोलीत, भाताच्या कणगीमागच्या खुंटीवर!

त्याचं असं झालं. महायुद्धात मी एका गोऱ्या साहेबाच्या कमरेला होतो. त्याच्या पलटणीत हैबतराव नावाचे जमादार होते. एकदा तोफेचा गोळा अगदी जवळ फुटला, तेव्हा हैबतरावांनी साहेबाला खड्ड्यात ओढलं आणि लोखंडाचा कपरा स्वतःच्या उजव्या हातावर घेतला. पुढे देश स्वतंत्र झाला, साहेब मायदेशी निघाला, आणि जाताना रीतसर परवाना करून त्याने मला हैबतरावांच्या हवाली केलं.

गावात केवढं कौतुक झालं! लोक मुद्दाम मला बघायला यायचे. हैबतराव मला घोंगडीवर ठेवून दाखवायचे. हातात मात्र कधी धरायचे नाहीत. लोकांना वाटे, माणूस शिस्तीचा आहे. खरी गोष्ट मला ठाऊक होती.

कपऱ्याची जखम भरली होती, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पुन्हा कधी मिटलंच नाही. दिसायला बोटं धडधाकट. हातात काठी असली की कुणाच्या लक्षात यायचं नाही. माझी मूठ धरली की मात्र मी उरलेल्या बोटांत डुगडुगायचो. डाव्या हाताने धरून पाहिलं, तर माझं तोंड भलतीकडेच वळायचं. घरात कुणी नसताना बिचारे पुन्हा पुन्हा धरून बघत, घाम पुसत आणि मला खुंटीला अडकवत. पिस्तूलवाल्या जमादाराला पिस्तूल धरता येत नाही, हे गावाला कळलं तर काय, या एकाच धास्तीने लढाईत न भ्यालेला तो माणूस पार पोखरून निघाला होता. मला फार वाईट वाटायचं.

दरवर्षी दिवाळीनंतर, भात निघालं की धुळा धनगर आपली मेंढरं घेऊन यायचा आणि हैबतरावांच्या खाचरात बसवायचा. मेंढरं शेतात बसली की लेंड्यांचं खत पडतं, म्हणून शेतकरी त्यांना आग्रहाने बोलावतात आणि धनगराला धान्य देतात. धुळाची बायको बानूबाई मेंढरांभोवती जाळी लावायची आणि कोकरांना लेकरांसारखी नावं घेऊन हाका मारायची.

एका वर्षी डोंगरातून बिबट्या उतरला. दिवस मावळायला आला की यायचा आणि कोकरू उचलून न्यायचा. एका संध्याकाळी बानूबाई धावत दारात आली.

"जमादार, चला वो लवकर! तुमच्या पिस्तुलाचा येक बार काढा, पळंल त्यो मुडदा!"

हैबतराव मला घेऊन धावले. बांधावर उभं राहून त्यांनी मला वर उचललं, आणि मी त्यांच्या हातात फिरलो. माझं तोंड थेट मेंढरांकडे! त्यांनी झटकन मला खाली घेतलं. तेवढ्यात बिबट्याने डोळ्यांदेखत कोकरू नेलं. बानूबाई मटकन खाली बसली.

"दारू सर्दावलीया," हैबतराव खालच्या आवाजात म्हणाले.

धुळा काही गोड बोलणारा माणूस नव्हे. "तुमच्या भरवशावर हितं बसलो व्हतो, जमादार. पुढल्या साली आमी नांद्याला जातो. तुमी पिस्तूल भिताडाला टांगा आन् बघत बसा."

ते बोलणं हैबतरावांना इतकं लागलं, की वर्षभर ते चावडीवर बसायला गेले नाहीत.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी घरातली सगळी शस्त्रं आणि अवजारं धुऊन पुसून पुजायची असतात. हैबतरावांच्या पत्नी रत्नाबाई. भारी उरकाच्या. नांगराचा फाळ धुतला, विळे धुतले, कुऱ्हाड धुतली, आणि मग त्यांची नजर माझ्यावर गेली. शस्त्र म्हटलं की धुवायला नको? हैबतराव पौडाला गेलेले. गोळ्या वेगळ्या डब्यात कुलूपबंद असायच्या, त्यामुळे तशी भीती नव्हती. रत्नाबाईंनी मला राख-चिंच लावून खसाखसा घासलं, वरून दोन तांबे पाणी ओतलं, आणि पूजेआधी वाळावं म्हणून चक्क चुलीच्या वैलावर, म्हणजे बाजूच्या धगीच्या तोंडावर ठेवलं. देवा रे! ओरडता आलं असतं तर मी आख्खी वाडी गोळा केली असती. लोखंडाला काही झालं नाही. पण ते रबर आधी मऊ पडलं, मग पापडासारखं वाकडंतिकडं झालं आणि शेवटी चिरलं. माझा छाप गेला! माझी विलायत गेली!

"अगं बया बया!" रत्नाबाईंनी कपाळावर हात मारला.

हैबतराव घरी आले तेव्हा त्या रडवेल्या झाल्या होत्या. "आवं, माझ्या हातनं लई वंगाळ झालं. तुमच्या पिस्तुलाची मूठ ग्येली."

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. पण हैबतरावांनी मला न्याहाळलं आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. "जाऊं दे. रडती कशाला? आता ह्ये कामाचं न्हाई, येवढंच." कितीतरी दिवसांनी ते पोटभर जेवले. पिस्तूलच मोडलं म्हटल्यावर बार काढा असं कोण म्हणणार? मी मात्र खुंटीवर चडफडत राहिलो.

रत्नाबाईंच्या जिवाला स्वस्थता नव्हती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गेणबा सुताराला घरी बोलावलं. गेणबा म्हणजे गावाचे नांगर करणारा माणूस. मला अस्सा राग आला! अहो, मी विलायती, आणि मला हात लावणार हा तासणी घेऊन बसणारा? गेणबाने मला उलटंसुलटं करून बघितलं, वाकड्या फळ्या काढून बाजूला टाकल्या आणि ओट्यावर बैठक मारली.

"व्हईल की. पर आमची रुमण्याची रीत हाय. आधी मूठ, मग लाकूड."

रुमणं म्हणजे नांगराचा मागचा दांडा. तो धरून शेतकरी नांगर दाबतो. गेणबा कुणाचंही रुमणं करताना आधी चिखलाचा गोळा त्या माणसाच्या हातात द्यायचा आणि घट्ट आवळायला सांगायचा. गोळ्यावर हात जसा उमटेल, तशी मूठ तासायची. त्याने हैबतरावांसमोर गोळा धरला. हैबतरावांनी डावा हात पुढे केला आणि गोळा आवळला.

गेणबाने गोळा फिरवून बघितला. "जमादार, आमच्याम्होरं तुमी कवा डाव्या हातानं काय धरलंया? उजवा द्या."

रत्नाबाई चहाला गूळ आणायला आत गेल्या होत्या. हैबतरावांनी एकदा दाराकडे पाहिलं, मग उजव्या हाताने नवा गोळा आवळला. अंगठा आणि दोन बोटं खोल उमटली. उरलेल्या दोन बोटांनी चिखलाला नुसतं शिवल्यासारखं केलं होतं. गेणबाने तो गोळा जपून बाजूला ठेवला.

"गेणबा, गावात बोलू नगंस."

"मी कशापायी बोलू? कोंडिबाचा अंगठा गुऱ्हाळात ग्येला, तवा त्याच्या रुमण्याला मी अंगठ्याच्या जागी खुंटी ठिवली. आज बी नांगर धरतोय त्यो. हात जसा हाय तसं लाकूड करायचं, जमादार. लाकडासाठी हात कुटनं बदलायचा?"

हैबतरावांचे डोळे भरून आले. ते उठले आणि आढ्याला अडकवलेलं त्यांच्या वडिलांचं मोडकं रुमणं काढून घेऊन आले. बाभळीचं लाकूड, वडिलांच्या तळव्याने घासून घासून तुळतुळीत झालेलं. "ह्यातनंच कर," ते म्हणाले.

गेणबाने त्यातून दोन तुकडे कापले. माझ्या उघड्या लोखंडाला काजळ फासायचा, लाकूड दाबायचा, आणि जिथे काळं उमटेल तेवढंच खरवडायचा. पुन्हा काजळ, पुन्हा खरवडणं. मला गुदगुल्या व्हायच्या. शेवटी लाकूड असं बसलं, की मधून केससुद्धा जाऊ नये. मग त्याने बाहेरून आकार दिला. तळव्यात भरेल असा फुगवटा, मिटणाऱ्या बोटांसाठी खोल खाचा, आणि न मिटणाऱ्या बोटांना टेकायला खाली एक छोटीशी पायरी. वरून जवसाचं तेल चोळलं आणि माझाच जुना स्क्रू पिळून टाकला.

नक्षी नाही, छाप नाही. मी नाक मुरडून बसलो होतो. तेवढ्यात हैबतरावांनी मला धरलं, आणि काय सांगू मित्रांनो, मी हललोच नाही! तो हात आणि मी, दोघेही पहिल्यांदाच निवांत झालो. त्या क्षणी माझा सगळा विलायती तोरा उतरला.

दिवाळी झाली. धुळाची मेंढरं पिरंगुटच्या रस्त्याने नांद्याकडे निघाली आहेत असं कळलं. हैबतराव स्वतः रस्त्यावर जाऊन उभे राहिले आणि धुळाला घरी घेऊन आले.

"धुळा, औंदा बी माझ्याच खाचरात बसीव. बिबट्याचं मी बघतो."

"गेल्या साली बी बघितलंच की!" धुळा फटकन बोलला.

बानूबाई मध्ये पडली. "आवो, माणूस वाटंवर येऊन बलावतोय. बसू की चार दीस."

"बसतो. पर येक जरी कोकरू ग्येलं, तर पुन्यांदा तुमच्या बांधाला पाय लावणार न्हाई, जमादार."

बिबट्या आलाच. तिन्हीसांजेला कुत्री भुंकायला लागली, मेंढरं एका कडेला दाटली, आणि बानूबाईची हाक आली. हैबतराव बांधावर पोचले, तेव्हा बिबट्या जाळीला भिडला होता आणि एका कोकराचा पाय त्याच्या तोंडात होता. हैबतरावांनी मला उचललं. मला आठवलं, इथेच मी गेल्या वर्षी फिरलो होतो. पण खाचांमध्ये बोटं बसली, पायरीवर दोन बोटं टेकली, आणि माझं तोंड उघड्या डोंगराच्या वर, आभाळाकडे स्थिर राहिलं.

धाड्! डोंगरातून आवाज घुमून परत आला. बिबट्याने कोकरू टाकलं आणि असा काही पळाला, की त्या मोसमात पुन्हा त्या अंगाला फिरकला नाही.

सगळी वाडी धावत आली. "वा जमादार! शाब्बास जमादार!" कुणी पाठ थोपटतंय, कुणी मला बघायला वाकतंय. हैबतराव गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी गोळ्या काढून घेतल्या, मला बांधावर ठेवलं आणि उजवा हात सगळ्यांसमोर धरला.

"ही दोन बोटं मिटत न्हाईत. लढाईपास्नं. धुळा, गेल्या साली दारू सर्दावली नव्हती. मला धरता येत नव्हतं, आन् सांगायची लाज वाटली. ह्यो बार गेणबाच्या मुठीचा हाय."

कुणी हसलं नाही. धुळा पुढे आला आणि त्याने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "आवं, मग सांगायचं नव्हतं व्हय? मी धरला असता की तुमचा हात!"

बानूबाई कोकराच्या पायाला हळद दाबत होती. ती म्हणाली, "ह्ये आता लंगडंल. म्हून काय आमी त्याला लपवून ठिवू?"

रत्नाबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. हैबतराव ओशाळून त्यांच्याकडे बघायला लागले. "तुला बी बोललो न्हाई मी."

"बोलायला कशाला पायजे? भाकरी कशी मोडता त्ये रोज बघती न्हवं मी. म्हटलं, सांगतील तवा सांगतील."

मग मात्र सगळे हसले, हैबतराव सगळ्यांत मोठ्याने.

त्याला आता बरीच वर्षं झाली. धुळाची मेंढरं दरसाल तिथेच बसतात, आणि ते लंगडं कोकरू मोठं होऊन त्याचाही वंश वाढला. हैबतराव थकले, तेव्हा त्यांनी माझ्या आतली, गोळीवर आपटणारी टोची काढून मला कायमचं मुकं करून घेतलं. मला त्याचं दुःख नाही. तो एक बार मला पुरेसा आहे.

खंडेनवमीला रत्नाबाई मला अजून बाहेर काढतात, पण पाण्याचा थेंब लावत नाहीत. सुती फडकं आणि बोटभर तेल, बस्स! माझ्याशेजारी उजव्या हाताने आवळलेला चिखलाचा तो गोळा असतो. त्यांनी तो त्याच चुलीत भाजून पक्का केला आहे. त्या आधी त्याला कुंकू लावतात, मग मला. आणि मला त्याचा जरासुद्धा राग येत नाही.

मित्रांनो, वस्तूंची निगा नीट विचारून राखा, हे तर मी सांगणारच. माझी काय गत झाली ते ऐकलंत ना? पण त्याहून एक महत्त्वाचं सांगतो. एखाद्याचा हात एखाद्या मुठीवर बसत नसेल तर त्याला हसू नका, मूठ बदलून बघा. आणि तो हात तुमचाच असेल, तर लपवू नका. कुणीतरी गेणबा चिखलाचा गोळा घेऊन तुमच्यासमोरही बसेल. तेव्हा डावा नका देऊ. उजवा हात पुढे करा.